ऑडिट पास होतंय, खरं मला काही येत नाही असंच वाटतंय

घटप्रभा
मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी बघते. गाव संकेश्वरच्या बाजूचं. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात मेकॅनिकलचा डिप्लोमा. इन्स्पेक्टर म्हणून लागले आणि गेल्या वर्षी साहेबांनी सगळं डिपार्टमेंटच गळ्यात घातलं. हाताखाली दोन पोरं, दोघंही बीई. तिथनं हे सुरू झालं.

कस्टमरचं ऑडिट ठरलं की माझी झोप उडते. कंट्रोल प्लॅन, एफएमईए (कुठं काय बिघडू शकतं त्याचा तक्ता), गेजची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं, जुन्या कंप्लेंटींच्या फायली, सगळं तोंडपाठ होईपर्यंत वाचत बसते. सासूबाई म्हणतात, एवढं शाळेत वाचलं असतंस तर कलेक्टर झाली असतीस. ऑडिट होतं, किरकोळ शेरे निघतात, पास. साहेब कुंदा मागवतात. तो तोंडात असतानाच डोक्यात सुरू होतं: ऑडिटर बरा माणूस होता म्हणून निभावलं. त्यानं नेमकी त्या बोअरची (पार्टमधल्या भोकाची) रीडिंगं मागितली नाहीत म्हणून. पुढच्या खेपेला दुसरा कुणी येईल आणि मी उघडी पडेन.

त्यात भाषेचं. मालक मीटिंगला कन्नडात बोलतात, कस्टमर इंग्लिशमध्ये, शॉपवर मराठी. पुण्याच्या ऑफिसात फोन केला तर माझं 'मी मेल केलो' ऐकून पलीकडची मुलगी हसते. सगळीकडं पाहुण्यासारखंच.

याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात असं नेटवर वाचलं. हे खरंच काही असतं, की माझीच लायकी कमी आहे आणि ते मला बरोबर कळतंय? दुसरी शंका जास्त छळते.

काकतीवाला
वाचतोय. शिक्षक आहे, माझंही हेच, म्हणून एवढंच लिहितो.

रानवारा
अगं बाई, ऑडिट पास होऊलालंय, पगार येऊलालाय, साहेब कुंदा खाऊ घालूलालेत, मग रोग कसला? मी अठ्ठावीस वर्षं लेथवर काढलो. पहिल्यांदा मोठा जॉब लावताना हात कापायचे. ती भीती होती म्हणून जॉब रिजेक्ट व्हायचा नाही. आता प्रत्येक भीतीला इंग्लिश नाव द्यायचं आणि डॉक्टरकडं पळायचं. असूदे की भीती, काय खाते काय तुला?

शाल्मली_धारवाड
रानवारा, रोग नाही हे तुमचं बरोबर. पुढचं मात्र पटलं नाही. समुपदेशन हे माझं कामच आहे, तेव्हा जरा लांबड लावते.

मानसिक आजारांच्या अधिकृत याद्यांत इम्पोस्टर सिंड्रोम अशी नोंदच नाही. १९७८ साली अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीतल्या पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी एक निबंध लिहिला. दीडशेहून जास्त बायकांबरोबर त्यांनी काम केलं होतं. कुणी पीएचडी झालेल्या, कुणी आपापल्या क्षेत्रात नाव काढलेल्या, आणि आतून सगळ्यांना एकच वाटायचं, की आपल्यात काही नाही, आपण लोकांना फसवलंय. क्लान्सबाई स्वतः अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ मुलखातून शिकायला बाहेर पडलेल्या. परीक्षा झाली की नापासच होणार या धास्तीनं त्यांची अवस्था वाईट व्हायची. खानापूर-चंदगडकडच्या पोरींना हे फार परकं वाटणार नाही.

त्यांनी जे चक्र मांडलं ते घटप्रभांच्या धाग्यात जसंच्या तसं उतरलंय. काम समोर आलं की धास्ती. मग एकतर रात्ररात्र तयारी, नाहीतर शेवटच्या घटकेपर्यंत टाळाटाळ. काम पार पडतं, घटकाभर हायसं वाटतं. मग हिशेब सुरू. मर मर तयारी केली असेल तर 'एवढं कष्टलं की कुणालाही जमेल'. टाळाटाळ करून जमलं असेल तर 'नशीब'. कुठल्याही वाटेनं गेलात तरी 'मला हे काम येतं' असं म्हणायची पाळीच येत नाही. म्हणून दहावं ऑडिटसुद्धा पहिल्याइतकंच भीतीचं.

रानवारांची भीती आणि ही भीती यांत फरक इथंच आहे. तुमचे हात पहिल्या मोठ्या जॉबला कापले, नंतर कमी कापले असणार. जॉब बरोबर आला हे तुम्ही मान्य केलंत. ज्याला हे चक्र लागलंय त्याला यशाचा पुरावा लागूच पडत नाही.

आणि हे फक्त बायकांचं नाही. २०२० साली ६२ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यांत चौदा हजारांवर माणसं होती. कुठं ९ टक्के लोकांत हे दिसलं, कुठं ८२ टक्क्यांत! कुठली प्रश्नावली वापरली आणि रेघ कुठं मारली यावर आकडा एवढा हलतो. म्हणून '७० टक्के लोकांना असतं' वगैरे फॉरवर्ड आले की मी पुढं सरकते. आढाव्यात पुरुषही बरेच होते. नैराश्य आणि चिंता यांच्याबरोबर हे पुष्कळदा आढळतं, तेवढं मात्र लक्षात ठेवायचं.

रानवारा
व्हय, नंतर कमी कापायचे. हे खरं. (खरं सगळंच मान्य केलो असं नव्हे.)

मलप्रभेची_लेक
खानापूर तालुका, आता बेंगळूर, सॉफ्टवेअर. घटप्रभा, तुमचा प्रत्येक शब्द माझा.

माझं मूळ सीटमध्ये आहे. सीईटीला मला ग्रामीण कोट्यातून इंजिनिअरिंगची सीट मिळाली. पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांना असतो तो. रँक मागची होती. पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर एकीनं सहज विचारलं, 'जनरल का रूरल?' त्यानंतर चार वर्षं मार्क कितीही पडोत, मला वाटायचं ही जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे. नोकरी लागली, तेव्हा वाटलं त्या वर्षी कंपन्या भरमसाट घेत होत्या. प्रमोशन झालं, तर मॅनेजर बेळगावचा होता! म्हणजे कारण शोधायला मी फार हुशार, बाकी कशात नाही.

कोट्याचं गणित मला सुटलं ते एका सीनियर मैत्रिणीमुळं. ती म्हणाली, कोट्यानं तुला दारातून आत घेतलं. आतले सगळे पेपर तर सगळ्यांना एकच होते ना? व्हीटीयूनं (आमच्या विद्यापीठानं) ग्रामीण मुलांसाठी वेगळा पेपर काढला नव्हता. साधी गोष्ट आहे, खरं मला चार वर्षांत सुचली नव्हती. शिवाय लॅब नसलेल्या शाळेतनं जो आला आणि ट्यूशनला जाऊन जो आला, त्यांच्या रँकची तुलना करताना मधलं अंतर कुणी मोजतच नाही.

आमच्या घरात मी 'हुशार' आणि धाकटा भाऊ 'व्यवहारी', असं लहानपणीच वाटून टाकलेलं. याचाही काही संबंध असतो का?

शाल्मली_धारवाड
असतो. क्लान्स-आइम्सना घरांतले दोन साचे दिसले होते. एका घरात हुशारीचा शिक्का भावंडावर असतो आणि ही मुलगी 'मनमिळाऊ, समजूतदार'. ती पुढं कितीही शिकली तरी घरचा शिक्का बदलत नाही, मग तिलाच शंका येते की घरचे खरे की मार्क खरे. दुसऱ्या घरात मुलगी जन्मजात हुशार, तिला सगळं पटकन येतं असं गावभर सांगून झालेलं. मग जिथं कष्ट पडतात तिथं तिला वाटतं, माझं पितळ आता उघडं पडणार. तुम्ही दुसऱ्या घरातल्या दिसता. आपल्याकडं तर दहावीला ६२५ पैकी किती पडले ते फ्लेक्सवर लागतं, चौकात. त्या फोटोतल्या पोरीनं पहिल्या पीयूसीत (म्हणजे अकरावीत) चाचणीला कमी मार्क पडले तर कुणाला सांगायचं?

तिसरा_गिअर
मला या सगळ्याचाच राग येतो, आणि त्यासाठीच लॉगिन केलं.

घटप्रभाबाईंच्या हाताखालचे बीई त्यांना 'मॅडम, हे तुमच्या सिलॅबसमध्ये नसेल' असं म्हणत असतील. मालक महत्त्वाचं बोलणं त्यांना नीट न कळणाऱ्या भाषेत करतात. पुण्याची मुलगी हसते. एवढं झाल्यावर माणसाला उपरं वाटलं तर सिंड्रोम त्याला कसा? तो त्या खोलीला झालाय. २०२१ मध्ये रुचिका तुळशियन आणि जोडी-अ‍ॅन ब्यूरी या दोघींनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त हेच लिहिलं होतं, की बायकांना इम्पोस्टर सिंड्रोम आहे असं सांगणं बंद करा, ज्या जागा त्यांना उपरं पाडतात त्या दुरुस्त करा. नाहीतर उद्या प्रत्येक ऑफिसात आत्मविश्वासाची कार्यशाळा होईल, लोक टाळ्या वाजवतील आणि पगारवाढ दुसऱ्याला मिळेल.

सीमेवरचा_मावळा
अगदी बरोबर! मूळ १९५६ मध्ये आहे, बेळगाव कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) घातलं तिथं. आपल्याच गावात आपण उपरे झालो. फलक कन्नड, सातबारा कन्नड, बस कन्नड. २००४ पासून सीमाभागाचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे आणि तुम्ही मनाचे व्यायाम शोधताय!

तिसरा_गिअर
मावळेसाहेब, मी असं म्हणालो नव्हतो.

सीमेवरचा_मावळा
तुम्ही म्हणाला नाहीत, मी म्हणतोय.

संपादक मंडळ
सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. पुढचे सात प्रतिसाद तिकडं हलवले आहेत. इथं धाग्याच्या विषयावर लिहावं.

निपाणीकर_मास्तर
मावळ्यांचं बोलणं हलवलंत ते ठीक. त्यात एक गोष्ट मात्र या धाग्याचीच आहे. मी मराठी शाळेत आयुष्य घालवलं, म्हणून सांगतो.

आमच्या मुलांची गफलत एका ठिकाणी होते. कन्नड येत नाही, इंग्रजी अडखळतं, हे खरं असतं. ती उणीव आहे आणि ती मान्य करायला काही हरकत नाही. मात्र तिथनं मूल थेट 'मी ढ आहे' इथं उडी मारतं. गणितात ज्याच्या हाताला कुणी धरत नव्हतं तो मुलगा बँकेच्या काउंटरवर कन्नड फॉर्म बघून घामाघूम व्हायचा आणि घरी येऊन म्हणायचा, सर, माझं काही होत नाही. अरे, फॉर्म तुला वाचता आला नाही. चक्रवाढ व्याज त्या कारकुनापेक्षा तुला बरं येतंय.

तेव्हा घटप्रभाताई, कागदाच्या दोन बाजू करा. एकीकडं जे खरोखर येत नाही ते लिहा: मीटिंगमधलं कन्नड, इंग्रजी मेल, बीईच्या पोरांना येणारं एखादं सॉफ्टवेअर. दुसरीकडं 'मी लायक नाही' या जातीची वाक्यं लिहा. पहिली बाजू शिकून संपते. दुसऱ्या बाजूला शिकण्यासारखं काही नसतंच. दोन्ही एकत्र ठेवलं की माणूस शिकतही नाही आणि झोपतही नाही.

तिसरा_गिअर यांचंही मला पटतं. भोवतालचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. मालकांना सांगायला हवं. खरं मालक बदलेपर्यंत बाईंनी झोपायचं नाही का?

मलप्रभेची_लेक
मास्तर, +१. कन्नडाचं एक सांगते. बेंगळूरला मी वर्षभर मान डोलावून घालवलं. आता सरळ म्हणते, 'स्वल्प सावकाश हेळ्री', जरा सावकाश सांगा. लोक थांबतात, सावकाश सांगतात, उलट खूश होतात. आणि गंमत म्हणजे तिकडच्या लोकांना माझं धारवाडी वळणाचं तोडकं कन्नड ऐकून हसू येतं, जसं पुण्याला माझ्या मराठीचं. दोन्हीकडं हसतात म्हटल्यावर माझं मलाच हसू आलं.

रानवारा
घटप्रभा, मी रात्री विचार केलो. तू क्वालिटीची बाई. प्लग गेज बोअरमध्ये घालतेस. गो बाजू गेली, नो-गो अडली, जॉब पास. तिथं तू 'मला आतनं काय वाटूलालंय' असं विचारतेस काय? ऑपरेटर म्हणाला, मॅडम, आज मन धजत नाही, हा जॉब रिजेक्ट करू, तर तू त्याला हाकलशील. मग स्वतःला तपासताना गेज कुठं ठेवतेस?

कस्टमरकडनं किती माल परत आला, जुन्या कंप्लेंटी किती मिटल्या, ऑडिटचे शेरे मागच्यापेक्षा कमी की जास्त, हे तुझ्या फायलीतच असेल. ते बघ. शेरे वाढले असतील तर कामाला लाग. कमी झाले असतील तर गप जेव आणि झोप.

शाल्मली_धारवाड
रानवारांना आमच्याकडं नोकरी द्यायला हवी.

घटप्रभा, करून बघण्यासारख्या गोष्टी सांगते. २०२०च्या त्या आढाव्यात, नेमक्या याच त्रासासाठी तपासून सिद्ध झालेला उपचार एकही सापडला नव्हता, म्हणून हे रामबाण म्हणून सांगत नाही. क्लान्स-आइम्स त्यांच्याकडं येणाऱ्यांना जे देत असत तेच आहे.

कुणी कौतुक केलं की ते लिहून ठेवायचं, आणि त्याच्यापुढं आपण ते कसं झटकलं तेही लिहायचं. 'ऑडिटर बरा होता', 'साहेबांना कळत नाही'. थोडे दिवस लिहिलंत की झटकण्याच्या तुमच्या दोन-तीन ठरीव पद्धती आहेत हे दिसतं. मग पुढच्या वेळी मुद्दाम उलट करायचं. नुसतं 'थँक्यू' म्हणून गप्प बसायचं. हे फार अवघड जातं, करून बघा.

दुसरं मला स्वतःला जास्त आवडतं. ज्यांना ज्यांना आपण फसवलंय असं वाटतं त्यांची यादी करायची आणि मनात एकेकासमोर उभं राहून सांगायचं, 'साहेब, मला काही येत नाही, मी तुम्हाला आजवर फसवलं'. साहेब काय उत्तर देतील ते त्यांच्याच सुरात बोलून बघायचं. बहुतेकांना इथं कळतं, की आपण समोरच्याला बिनडोक समजतोय. तुमच्या साहेबांनी आयुष्यभर इन्स्पेक्टर पारखले, आणि नेमक्या तुमच्याच बाबतीत त्यांना कळलं नाही?

शिवाय काळजी करणं हाच एक तोडगा होऊन बसतो. काळजी केली म्हणून पास झाले, आता न करून कसं चालेल? म्हणून तयारी एकदम बंद करू नका. एखादं लहान अंतर्गत ऑडिट घ्या, त्याच्या तयारीची वेळ आधी ठरवा, आणि ती संपली की फाईल मिटा. काय होतं ते बघा.

आपण कुठं आहोत हे बघायला क्लान्सबाईंनी १९८५ मध्ये २० विधानांची मोजपट्टी केली. प्रत्येकाला १ ते ५ गुण. ४० पर्यंत किरकोळ, ६० पर्यंत मध्यम, त्यापुढं वारंवार, ८० च्या वर तीव्र. तो अंदाज आहे, रिपोर्ट नव्हे.

तिसरा_गिअर
एक भर. बासिमा ट्यूफिक यांचा २०२२चा अभ्यास आहे. 'मला लोक समजतात तेवढं येत नाही' असं ज्यांच्या मनात जास्त येतं ती माणसं कामात मागं पडली नाहीत, आणि दुसऱ्यांशी वागण्या-बोलण्यात उलट सरस दिसली, कारण ती समोरच्याकडं जास्त लक्ष देतात. म्हणजे रानवारांची 'भीती असूदे' अगदीच टाकाऊ नाही.

रानवारा
बघा. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलो होतो.

शाल्मली_धारवाड
तो अभ्यास चांगला आहे. त्याचा अर्थ 'त्रास होऊ द्या, फायदा आहे' असा मात्र लावू नये. झोप जातेय हे घटप्रभांनी लिहिलंय.

घटप्रभा
सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

तिसरा_गिअर, पोरं तसं बोलत नाहीत हो, गुणी आहेत. माझ्याच मनात ते बोलतात. हे लिहिताना पहिल्यांदाच लक्षात आलं.

मास्तरांची दोन बाजूंची यादी केली. येत नाही ती बाजू लहानशी निघाली. मिनिटॅब या सॉफ्टवेअरमधले ग्राफ, इंग्लिश मेल आणि मीटिंगचं कन्नड. ग्राफ शिकवायला हाताखालच्या एकाला विचारलं. त्याला एवढा आनंद झाला की जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन आला. बदल्यात त्यानं ड्रॉइंगमधल्या जीडी अँड टीच्या (आकारात, जागेत किती फरक चालतो ते सांगणाऱ्या) खुणा मला विचारल्या. बीईला शिकवतात, म्हणे, खरं शॉपवर कधी लावून बघितलं नव्हतं.

मोजपट्टीत 'वारंवार'मध्ये आले. रानवाराकाका, परत आलेल्या मालाचा तक्ता काढला. वर्षभरात कमी झालाय. लगेच मनात आलं, नवीन मशीन आली म्हणून. मग वहीत झटकण्याच्या रकान्यात तेच लिहिलं. मशीन घ्या असं साहेबांना कुणी पटवून दिलं होतं, तेही पुढं लिहिलं.

मीटिंगमध्ये 'सावकाश हेळ्री' अजून धाडस झालं नाही. पुण्याची मुलगी अजून हसते.

काकतीवाला
धागा वर आलाच आहे तर विचारतो. माझा विद्यार्थी आहे, जवळच्या नात्यातला. मराठी शाळेत पहिला, फ्लेक्सवर फोटो. यंदा पहिल्या पीयूसीला सायन्स घेतलंय, सगळं इंग्रजीतून. म्हणतो, काका, मी शाळेत हुशार होतो ते खोटंच होतं. हल्ली जेवत नाही धड, कॉलेजला जायचं टाळतो. बाप म्हणतो नाटकं करतो. काय करावं?

निपाणीकर_मास्तर
बापाला आधी गप्प बसवा.

भौतिकशास्त्रात त्याला वेग आणि त्वरण कळतं, व्हेलॉसिटी-अ‍ॅक्सिलरेशन ऐकताना मधले दोन सेकंद जातात, तोवर सर पुढच्या ओळीवर गेलेले असतात. दरवर्षी हीच तक्रार घेऊन पोरं माझ्याकडं येत. एका वहीत धडावार दोन्ही भाषांतल्या संज्ञा समोरासमोर लिहू द्या, आणि आज शिकवणार तो धडा आदल्या रात्री मराठी पुस्तकातून वाचून जाऊ द्या. त्याच शाळेतनं दोन-तीन वर्षं आधी गेलेलं एखादं पोरगं गाठून द्या. तिसऱ्याच महिन्यात आपलीही अशीच गत होती हे त्यानं सांगितलेलं तुमच्या-माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा लागू पडतं. लेक्चररना भेटून सांगा की पोरगं मराठी माध्यमातलं आहे. पुष्कळ जण मदत करतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शाल्मली_धारवाड
मास्तरांशी सहमत, पण जेवण आणि कॉलेज दोन्ही सुटत असेल तर अभ्यासाच्या युक्तीवर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू असतो. फोन तुम्ही केलात तरी चालतो, मुलानंच करायला हवा असं नाही. मराठीत बोलायचं आहे असं सुरुवातीलाच सांगा. प्रत्यक्ष दाखवायचं तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, किंवा धारवाडला डिमहान्स ही मानसोपचाराची संस्था. आणि 'जगण्यात अर्थ नाही' अशा अर्थाचं काही बोलला असेल तर उद्यावर ढकलू नका, आजच न्या. मला व्यनि (खासगी निरोप) करा, धारवाडला येणार असाल तर कुठं जायचं ते सांगते.

काकतीवाला
तसं काही बोलला नाही. व्यनि केलाय.